रिपोर्ट नॉर्मल आला, आई

आई, माझा रिपोर्ट नॉर्मल आला आणि तेव्हापासून मला धडकी भरलीय. हे मात्र खूश. दवाखान्याच्या पायऱ्या उतरतानाच म्हणाले, "बघ, रक्तात काहीच न्हाई. उगं डोक्यात घेऊन बसल्तीस." पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले.

आधीचं सांगते तुला. मस्तगडातल्या माझ्या दुकानात मी बायकांचे ब्लाऊज शिवते. हल्ली मशीनवर बसलं की कारण नसताना डोळ्यांतून पाणी यायचं. बाही शिवायची, उसवायची, परत शिवायची. एवढ्यानं मी घाबरले न्हाई. पण वरणात मीठ टाकायचं राहायला लागलं, तेव्हा मला केदारखेड्यातली तू आठवलीस. तू चुलीपुढं बसलेली आहेस, पीठ हातावर वाळून गेलंय, तवा नुसता तापून धूर सोडतोय. मी विचारते, "आई, काय झालं?" तू म्हणतेस, "काही न्हाई गं, डोकं दुखून राह्यलं." सगळ्यांनी तुझ्या कपाळाला बाम चोळला. मंग तू बोलणं कमी केलंस, मंग जेवण सोडलंस, आणि एक दिवस गेलीसच.

डॉक्टरीणबाईंनी मला प्रश्नांचा कागद दिला. गेल्या दोन आठवड्यांत उदास वाटलं का, कशात मन लागतं का, झोप येते का. पुढं खुणा करायच्या, कधीच नाही, काही दिवस, जवळजवळ रोज. हे खुर्ची ओढून शेजारीच बसलेले, कागदात डोकं घालून. शेवटी विचारलं होतं, मेलेलं बरं असं वाटतं का? माझा पेन तिथं अडला. ह्यांनीच बोट ठेवलं, "कधीच न्हाई. कर खूण." केली. मनात म्हटलं, जाऊ दे, उद्या सकाळी ताणाचं हार्मोन तपासायला रक्त घेणारच आहेत. रक्तच सांगेल माझं, मला तोंड उघडायला नको. कसली शहाणी गं मी!

रक्तानं काही सांगितलं न्हाई. बाई म्हणाल्या, "दुसरा काही आजार नाही ना, एवढं बघायला ही तपासणी केली. मनाचं दुखणं त्यात कळत नाही. ते तुम्ही सांगाल तेव्हाच मला कळणार. सोमवारी परत या, आणि आत एकट्याच या." ह्यांच्या कानात तेवढा 'नॉर्मल' शब्द शिरला.

सांगायची भीती वाटते, आई. ह्यांचं तोंड डोळ्यांपुढं येतं, लोक माझ्या पोरीला काय म्हणतील ते येतं. आणि न सांगायची तर त्याहून भीती वाटते, कारण त्या शेवटच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला ठाऊक आहे. स्वतःचीच भीती वाटावी, हे कुणाला सांगू?

काल पोळ्या लाटताना माझा हात थांबला. किती वेळ थांबला कुणास ठाऊक. पोरगी दारात उभी होती, मी तेव्हा होते तेवढीच आहे ती आता. म्हणाली, "मम्मी, काय झालं?" माझ्या तोंडून निघून गेलं, "काही न्हाई गं, डोकं दुखून राह्यलं." ती पळत जाऊन बाम घेऊन आली. आणि मी गुपचूप चोळून घेतला.

सोमवारी ह्यांना बाहेर बसवायचं ठरवलंय. पाय आत पडला पाहिजे फक्त. ही चिठ्ठी तुला कुठं धाडणार, मशीनच्या खणात ठेवून देते. तुला म्हणून पहिल्यांदा सांगते, माझं डोकं दुखत नव्हतं, आई. तुझंही नव्हतं ना?