तीन राजे

शिंपीकाका,

बाबा रविवारी दुकानात पोकर खेळायला का येत नाहीत, असं तुम्ही फोनवर विचारता आणि मी दरवेळी गुडघेदुखी पुढे करते. गुडघे ठणठणीत आहेत. बाबा विसरायला लागलेत.

तुमच्या ते आधीच लक्षात आलं होतं, म्हणूनच त्या शेवटच्या रविवारी तुम्ही मुद्दाम हरलात. डावावर पैशांऐवजी शर्टाची बटणं लावायची तुमची पद्धत. हातात एकही चांगलं पान नसताना बाबांनी सगळी बटणं पुढे सरकवली. तुम्ही सुस्कारा टाकून पत्ते पालथे ठेवलेत. "घ्या, तुमचाच डाव." बटणं गोळा करताना बाबांनी तुमचे पत्ते उलटून पाहिले. तीन राजे.

माझ्याबरोबर घरी येताना ते रस्त्यातच थांबले. "पत्ते चांगले असतील तर बोली वाढवायची, वाईट असतील तर मुकाट्याने टाकायचे. नवशिक्यालाही एवढं कळतं. त्याने तीन राजे टाकले, म्हणजे मला खेळातून काढलंच की."

तुम्ही मायेपोटी केलंत, हे मला ठाऊक आहे. म्हणून हे पत्र पाठवणार नाही.

आता ते माझ्याशी खेळतात. "तू तरी दया दाखवू नकोस," एवढीच त्यांची अट. मी ती पाळते, रोज त्यांना हरवते आणि मग स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहते.

काल हरल्यावर त्यांनी बटणं माझ्याकडे ढकलली आणि कौतुकाने विचारलं, "छान खेळता हो तुम्ही. कुणाच्या कन्या म्हणायच्या?"

तुमच्या मित्राची,
मुलगी