हजेरीचे स्पीकर

शनिवार, ९ नोव्हेंबर
बेहाला, कोलकाता

घर लागलं एकदाचं. ऑफिसने पुण्याहून बदली केली तेव्हा बाबांचं कसं होणार याचीच धास्ती होती; पण इथे येऊन आठ दिवस झाले नाहीत तोच त्यांनी खिडकीजवळचं टेबल बळकावलंय. त्यावर मल्टिमीटर, डाग द्यायची इस्त्री, स्क्रूंच्या डब्या. मिरजेत चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवलेला माणूस, रिकामा बसणार नाही. कानांनी मात्र दगा दिलाय. यंत्र लावल्याशिवाय त्यांना दारावरची बेलही ऐकू येत नाही.

खालच्या मजल्यावरच्या घरमालकीण तापसीदींनी आज नोलेन, म्हणजे खजुराच्या नव्या गुळाची संदेश मिठाई पाठवली. बाबांना त्या मेशोमशाई, म्हणजे काका, म्हणतात. बाबांना वाटलं, त्या मासे खाणार का विचारतायत. दोघंही खूप वेळ हसत होते.

रविवार, १० नोव्हेंबर

मी आणि बाबा जुने स्पीकर हुडकत हिंडतो. लोक देवळं बघतात, आम्ही भंगार बघतो. चेतल्याला निमाईदा नावाच्या माणसाचं जुन्या सामानाचं दुकान सापडलं. मोडक्या पंख्यांमागे एक जोडी होती: सागवानी पेट्या, कमरेइतक्या उंच, पुढे राखी कापड. कापड जळमटलेलं, पण लाकूड खणखणीत. बाबांनी बोटाच्या पेराने पेटीवर टकटक केलं आणि माझ्याकडे बघून भुवई उडवली. ती भुवई उडाली की खरेदी झाली असं समजायचं.

निमाईदा म्हणाला, कुठल्यातरी बंद पडलेल्या गिरणीच्या कचेरीतल्या आहेत, तीन वर्षं कुणी हात लावला नाही.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

चार संध्याकाळी गेल्या. एका स्पीकरचा कोन, म्हणजे आतला कागदी भोंगा, फाटला होता. टिशू पेपर आणि पातळ केलेला फेव्हिकॉल, थरावर थर, हे बाबांनी मला दहाव्या वर्षी शिकवलेलं काम. कपॅसिटर सुकले होते, ते बदलले. मग बाबांनी पेन्सिल सेल तारांना टेकवला. टक्. कोन बाहेर आला. जिवंत आहे, म्हणाले.

आतून बारीक सोनेरी तंतू निघाले, मूठभर. गोणपाटाचे असतात तसे. बाबा म्हणाले, तागाची गिरणी असणार. जाता जाता त्यांनी मला पुन्हा एकदा समजावलं की स्पीकर आणि माइक हे एकच यंत्र. तार उलटी जोडली की बोलणारं यंत्र ऐकायला लागतं.

रविवार, १७ नोव्हेंबर

आज एक गंमत झाली.

सकाळी चहा घेत बसलो होतो. पेट्या भिंतीशी, तारा मोकळ्या, कशालाच जोडलेल्या नाहीत. नऊ चाळीसला डाव्या पेटीतून आवाज आला. पुरुषाचा, कारकुनी, शांत. नंबर आणि नाव, मग थोडं थांबून पुढचा नंबर आणि नाव. बाबांचं कानाचं यंत्र आतल्या खोलीत चार्जिंगला होतं. तरी त्यांनी कप खाली ठेवला आणि पेटीकडे वळून बघितलं. त्यांना ऐकू येत होतं, यंत्राशिवाय.

म्हणाले, कोपऱ्यावरच्या क्लबचा माइक असेल, लांब तारा कधीकधी असलं काही पकडतात. त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मी मान डोलावली. चौथं नाव आलं: सत्तावीस नंबर, जगन माइती. कुणी ओ देईना. पुन्हा आलं. बाबांनी शाळेतल्या पोरासारखा हात वर केला आणि म्हणाले, हाजिर.

आवाज थांबला. कागदावर पेन्सिलीने खूण केल्यासारखी खरखर ऐकू आली. पुढची नावं आलीच नाहीत.

सोमवार, १८ नोव्हेंबर

ऑफिसातून आले तर बाबा सांगतायत, आज त्या पेटीतल्या माणसाने माझं नाव विचारलं. फार अदबीने विचारलं म्हणे. मग यांनीही पूर्ण नाव सांगितलं, श्यामकांत रिसबूड. मी विचारलं, बाबा, चेष्टा करताय ना. ते हसले नाहीत. खूप दिवसांनी कुणी नीट ऐकू येईल असं बोललं, एवढंच म्हणाले.

बुधवार, २० नोव्हेंबर

बाबांना खोकला झालाय. रुमालावर काळं दिसलं. इथली हवा, म्हणून मी स्वतःची समजूत घातली. पण त्यांचा सदरा धुवायला घेतला तर त्याला धुराचा आणि कसल्याशा तेलाचा वास. उजव्या हाताची दोन बोटं भाजलेली. इस्त्रीचा चटका बसला म्हणतात. इस्त्री मी रविवारीच गुंडाळून ठेवलीय. गाठ तशीच आहे.

तापसीदींनी जिन्यात थांबवलं. रोज सकाळी मेशोमशाई कुणाशी मोठ्याने बोलतात, असं विचारलं. आणि बंगाली इतक्या चटकन कसे शिकले.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

रजा टाकून घरी थांबले.

नऊ चाळीस. तोच आवाज. पहिली तीन नावं तीच. चौथं:

सत्तावीस नंबर, श्यामकांत रिसबूड.

मी पेटीवर सतरंजी टाकली, तारा हाताने धरल्या. आवाज तसाच, घाई नाही, चीड नाही. आज तो शेवटपर्यंत वाचत गेला. मी मोजली, अकरा नावं.

बाबा खुर्चीत बसले होते, पण डोळे इथे नव्हते. दोन्ही हात पुढे, बोटं तुटलेला धागा जोडतात तशी हलत होती. अंग तापलेल्या तव्यासारखं. वीस मिनिटांनी भानावर आले आणि मला बंगालीत विचारलं की शटर कुणी लावलं. मी मराठीत हाक मारली. माझं नाव आठवायला त्यांना वेळ लागला.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

तापसीदींना बाबांजवळ बसवलं. निमाईदाकडे जाऊन उभी राहिले तेव्हा त्याने सांगितलं, गिरणी बजबज गावची. माजेरहाट स्टेशनातून लोकल धरली.

गिरणीच्या फाटकावर हरिपद नावाचा म्हातारा राखणदार आहे. आधी तिथेच कामगार होता. मी पेट्यांचं वर्णन केलं तसा तो स्टुलावर बसला. चौतीस वर्षांपूर्वी सकाळच्या पाळीला तांतघरात, म्हणजे मागांच्या खात्यात, आग लागली. जे निसटले ते अंगणात जमले. हजेरी कारकुनाने स्पीकरवर नावं वाचायला घेतली, कोण बाहेर आलं ते मोजायला. अकरा जणांनी ओ दिली नाही. शटर वितळून बसलं होतं. कारकून संध्याकाळपर्यंत तीच अकरा नावं वाचत राहिला. दुसऱ्या दिवशीही वाचली, त्याच वेळी. त्याला कामावरून काढलं तरी फाटकाबाहेर उभा राहून वाचायचा.

मी जगन माइतीबद्दल विचारलं. हरिपद स्टुलावरून उठला. मग म्हणाला, “दीदी, तो गेल्या रविवारी घरी आला.”

त्याने मला वस्तीत नेलं. जगनची बायको, आता साठीची, ताटात भात वाढत होती आणि समोर तो स्वतः, अजून तिशीचाच, जेवत होता. भुवया जळलेल्या, केसांत तागाचे तंतू. बाईने मला बघितलं, आणि हरिपदने काही सांगायच्या आधीच ती मध्ये येऊन उभी राहिली. हात जोडून.

जगन फारच हळू बोलतो. कुणीतरी हाजिर म्हणालं, शटर वीतभर उचललं गेलं, तो सरपटत बाहेर आला. मागे ते पडलं. आत अकरा लागतात, असं म्हणाला. तुझे बाबा माझे ‘बदली’; गिरणीत ‘बदली’ म्हणजे दुसऱ्याच्या जागी कामाला उभा राहणारा. नव्या माणसावर प्रत्येक हजेरीला धूर आणखी खाली उतरतो. जमिनीलगत वीतभर हवा राहिली की संपलं, तो कायमचा आत. पण ज्याचं नाव पुकारलं जातं त्याच्यासाठी दुसऱ्या कुणी ओ दिली तर –

पुढे त्याने बायकोकडे बघितलं. तू येऊन ओ दे, असं मी मागितलं नाही. कसं मागणार. बाईने त्याच्या ताटात आणखी भात वाढला. दारापर्यंत आले तेव्हा मागून त्याचा आवाज आला. “मी येईन. तो माझा नंबर आहे.”

शनिवार, २३ नोव्हेंबर

पहाटेच टेम्पो बोलावून पेट्या निमाईदाच्या दाराशी टाकून आले. भिंत रिकामी. वाटलं, सुटलो. जगनला यावंच लागणार नाही.

नऊ चाळीसला बाबांचं कानाचं यंत्र, टेबलावर, डबीत, बंद – त्यातून आवाज. डासाएवढा. पण प्रत्येक अक्षर स्पष्ट.

स्पीकरच तो. कितीही लहान असला तरी स्पीकरच.

मी ओ द्यायला तोंड उघडलं. बाबांनी भाजलेला हात माझ्या तोंडावर दाबून धरला. अंगात तेवढी ताकद कुठून आली. डोळे पूर्ण शुद्धीवर होते. नाव पुढे गेलं तेव्हाच हात काढला. म्हणाले, मी दिलीय ओ, माझी मी निस्तरेन.

रविवार, २४ नोव्हेंबर

आजची हजेरी झाली आणि ते खाली कोसळले. हॉस्पिटल. ऑक्सिजन ७१. डॉक्टर विचारतायत, घरात आग लागली होती का. फुप्फुसांत काजळी आहे. विमान, रेल्वे, काही शक्य नाही.

पुण्याला सुयशला फोन केला. धाकटा भाऊ, त्याला काय सांगू. बाबांना न्यूमोनिया झालाय म्हटलं. उद्या सव्वादहाला उतरतोय.

हरिपदला फोन केला. जगन निघेल म्हणाला. पहिल्या लोकलने.

सोमवार, २५ नोव्हेंबर

९.०५. जगन नाही. हरिपद फोन उचलत नाही.

९.२०. हरिपद बोलला. जगन आणि त्याची बायको स्टेशनावर आहेत. तीन गाड्या गेल्या. ती त्याचा हात सोडत नाहीये आणि तो सोडवून घेत नाहीये. मी फोन ठेवला. तिला काय म्हणू. चौतीस वर्षं.

९.३१. बाबांची पातळी ६४. नर्स धावतेय. मास्कच्या आतून काळं –

९.४०. मॉनिटरच्या स्पीकरमधून. नर्सला ऐकू येत नाहीये. फक्त आम्हा दोघांना –

पहिलं नाव. दुसरं.

बाबा मान हलवतायत. नको म्हणतायत. आज हात उचलवत नाहीये त्यांना. मी तो धरून ठेवलाय डाव्या हाताने –

चौथं. त्यांचं नाव.

दुसऱ्यांदा.

दिली. मी ओ दिली.

पेन्सिल खरखरली. नाव विचारलं. सांगितलं.

६४. ७८. ९१. रंग येतोय चेहऱ्यावर. बाबा रडतायत, पण श्वास स्वच्छ आहे, घरघर नाही. सुयश, तू आलास की बाबांना घेऊन थेट मिरजेला जा. त्यांना कानाचं यंत्र लावू नकोस. आणि कुणी काही म्हणालं तरी, माझं नाव ऐकू आलं तरी, ते ओ देणार नाहीत एवढं बघ. त्यांना शपथ घाल. बजबजच्या त्या दोघांना काही बोलू

नर्स विचारतेय मला खोकला कधीपासून –

अक्षर नीट येत नाहीये, डोळे चुरचुरतात. इथे फार धूर आहे, बाबांवर उतरला होता तेवढाच खाली. माझ्या डावीकडे एक माणूस उभा आहे, धागा जोडतोय. तो म्हणतो खाली वाक, खाली हवा आहे. दहा जण आहेत. सगळे माझ्याकडे बघतायत. शटर गरम आहे, हात लावता येत नाही, पण पलीकडे बाबांचा आवाज येतोय, ते मला हाक मारतायत, त्यांना सांगा हाक मारू नका, ओ देऊ नका, कुणीतरी त्यांचं तोंड