कळकाच्या नळीतला फणस

प्रिय आत्या,

तुझ्या फणसाला आज नवं पान फुटलं! घरात सगळ्यांना सांगून झालं, गोठ्यातल्या कपिलेलासुद्धा. तुलाच सांगायचं राहिलं, म्हणून हातातलं निवडण टाकून लिहायला बसले.

फणसाचं मूळ सरळ खाली धावतं, म्हणून तू आठळी कुंडीत न रुजवता कळकाच्या जाड बांबूच्या हातभर लांब नळीत रुजवायचीस. आधी पहारीने पेरातला पडदा फोडायचा, मग माती भरायची आणि रोप नळीसकट खड्ड्यात ठेवायचं. कळक काय, मागाहून कुजतोच! ही शेवटची नळी मात्र तू आजारपणात भरलीस. "यमू, पावसला तुझ्या सासरच्या दारात कापा फणस हवा," एवढं म्हणालीस आणि आठ-पंधरा दिवसांत गेलीस. पडदा फोडला होतास की नाही, तेवढं सांगून जायला काय झालं होतं गं?

श्रावणात ती नळी मी रत्नागिरीहून आणली. भाट्याच्या खाडीवरच्या तरीत ती मांडीवर आणि हे उभे! तांडेल म्हणाला, "काय गो बाय, झाडाला मांडी आनि घोवाला हुबा ठेवलंस?" तरीतले सगळे हसले. हेही हसले.

मामंजी मात्र हसले नाहीत. "फणस जागा बदलून जगत नाही. आठळी जागच्या जागी पुरायची असते. हा सुकला की तिथे माड लावणार." माडाचं रोप त्यांनी विहिरीपाशी आणूनही ठेवलं.

खड्ड्याशी बसून नळीचं बूड पाहिलं, तर ते मातीने लिंपलेलं, काही कळेना. पडदा शाबूत असेल तर मूळ आतच वेटोळं घालून मरेल. नळी फाडावी, तर मूळ तुटेल! पहिलीपासून सातवीपर्यंतच्या कुठल्या पुस्तकात याचं उत्तर होतं, सांग? शेवटी कोयता उचलला.

"अगो, थांब!" मामंजी ओरडले. "एवढी पोरासारखी आणलीस ती फाडायला?"

"पण खाली बंद असेल तर?"

"वरून पाणी ओत. खालून आलं तर उघडी. त्यात रडायचं काय?"

ओतलं. बराच वेळ काहीच नाही. मग एक तांबडा थेंब, मागून दुसरा! खाली वाकून पाहिलं, तर धुतल्या बुडातून पांढऱ्या मुळाचं टोक बाहेर डोकावत होतं. आत्या, अंगात ताप असताना तू पहार उचललीस?

नळी खड्ड्यात लावली, तर पानं माना टाकून बसली. मी जेवायची विसरायचे. मामंजी येता-जाता माडाकडे बघायचे. आणि आज हे पान, पोपटी, चकचकीत! मामंजींनी चष्मा लावून पाहिलं आणि माड उचलून गोठ्यामागे नेला. "कापा निघतो की मऊ बरका, बघू," म्हणाले. म्हणजे तेही फळाची वाट बघू लागले!

तुला वचन देते, उन्हाळाभर याला पाणी कमी पडू देणार नाही. आणि दर घटकेला जाऊन पानं मोजणार नाही. सकाळ-संध्याकाळच बघीन. दुपारी एकदा, फक्त लांबून.

तुझीच,
यमू