आधी परीक्षण, मग खोकं

३ मार्च

ताईचा फोन. आईला हॉस्पिटलमधून घरी आणलं. खुब्याचं ऑपरेशन उत्तम झालं. अडचण एवढीच की ताई राहते तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आईला खुर्चीत बसवून चौघांनी वर नेलं. आता जिना बंद म्हणजे बाहेरचं जग बंद. आम्ही तळमजल्यावर, आणि आमची छोटी खोली बाथरूमला अगदी लागून. ताईचं वाक्य पुरं व्हायच्या आत म्हणालो, आईला इकडे आण. क्षणाचाही विचार केला नाही. असे मुलगे आता राहिले नाहीत.

खोलीत सध्या माझा संग्रह आहे. जुन्या जपानी व्हिडिओ गेम कन्सोलच्या कार्ट्रिज, म्हणजे गेमच्या कॅसेट, मूळ खोक्यांसकट. चारी भिंतींना कपाटं, मधे मागे पोट असलेला जुना टीव्ही. काही अवघड नाही. रोज एक फळी रिकामी करायची. महिनाअखेर खोली मोकळी.

४ मार्च

पद्धत ठरवली. नुसतं भरून माळ्यावर टाकायचं म्हणजे हमाली झाली. प्रत्येक गेम आधी साफ करायचा, मग खेळायचा, मग माझ्या व्हिडिओ चॅनेलवर त्याचं परीक्षण टाकायचं आणि मगच तो खोक्यात. आवराआवर होईल आणि चॅनेलही वर येईल. ही युक्ती आजवर कोणाला कशी सुचली नाही?

बायकोला सांगितली. ती बराच वेळ नुसती बघत राहिली. प्रभावित झाली असावी.

६ मार्च, सकाळी

पहिली फळी. पहिला गेम मासेमारीचा. सुरू होईना. इअर बड स्पिरिटमध्ये बुडवून कार्ट्रिजच्या पिना पुसल्या. फुंकर मी मारत नाही. फुंकर अडाणी लोक मारतात. तोंडाच्या ओलाव्याने पिना गंजतात.

६ मार्च, संध्याकाळी

फुंकर मारली. चालला.

८ मार्च

मला जपानी येत नाही, यात मी कमीपणा मानत नाही. भाषा कळली नाही की माणूस थेट भावनेपर्यंत पोचतो. हे वाक्य परीक्षणात घातलं. जमलंय.

एक कॉमेंट आली. कासवाची. कासव हा आमच्या संग्राहकांच्या ग्रुपवरचा एक इसम. खरं नाव कोणाला माहीत नाही. जपानी शिकलाय आणि ते कोणाला विसरू देत नाही. म्हणतो, तुम्ही जिला समुद्रदेवता म्हणताय ती किनाऱ्यावर गांडुळं विकणारी बाई आहे.

जळतो.

१३ मार्च

बायको म्हणाली, अहो, अजून एक फळीसुद्धा झाली नाही. रविवारी दोघं मिळून सगळं भरू आणि माळ्यावर टाकू. मी म्हणालो, माळ्यावर ओल धरते, लेबलं सुटतात. ती म्हणाली, आणि आईंचं काय? तिकडे ताई त्यांना धरून धरून बाथरूमला नेतायत, भावोजींची कंबर धरलीय, त्या दोघांची लेबलं सुटली तर चालतील का?

बायकोला विनोदाची जाण आहे, हे मी नेहमीच सांगतो.

२० मार्च

आज आई स्वतः फोनवर. आवाज खणखणीत. वॉकर घेऊन हॉलमध्ये फेऱ्या मारते म्हणाली. मग म्हणाली, त्या खोलीला खिडकी आहे ना रे? इथे माझा पलंग आतल्या खोलीत आहे, उजाडलं कधी आणि मावळलं कधी, काही पत्ता लागत नाही.

आहे म्हणालो. आहेच खिडकी. कपाटामागे आहे. उन्हाने प्लॅस्टिक पिवळं पडतं म्हणून मी ती पुठ्ठा लावून बंद केलीय. पण खिडकी आहे का, या प्रश्नाचं उत्तर आहे, असंच येतं.

ताईला एप्रिलचा मध्य सांगितला. नक्की.

२७ मार्च

एक कन्सोल फारच पिवळा पडलाय. तसाच खोक्यात घालणं मनाला पटेना. अशा प्लॅस्टिकला केस ब्लीच करायचं क्रीम चोपडून, पारदर्शक कागदात गुंडाळून उन्हात ठेवतात. ठेवला. दर तासाला वळवायचा असतो. पहिल्या तासानंतर माझा डोळा लागला.

निम्मा पांढरा झाला. बाकीचा वाघासारखा. क्रीम बायकोचं होतं, हे नंतर कळलं. म्हणजे तिला नंतर कळलं.

३ एप्रिल

मी चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासतो आणि फ्रेममध्ये बसवतो. नाजूक काम आहे. आज मालक आत आले. म्हणाले, काल एका बाईंची डावी काच उजवीकडे बसवलीस. त्यांना घराच्या पायऱ्या तिरक्या दिसतायत. लक्ष कुठे असतं?

आई यायची आहे ना, घरी गडबड चाललीय, असं सांगितलं. मालक विरघळले. म्हणाले, आईला घरी आणतोयस, पुण्य लागेल. दुपारी लवकर सोडलं.

लवकर आलोच होतो, म्हणून घोडेस्वाराचा गेम पुरा केला.

१० एप्रिल

ताईचा फोन. आवाज बसलेला. तारीख सांग म्हणाली. म्हणालो, ताई, अशी कामं घाईने होत नाहीत. ती म्हणाली, काम? अरे, तू खेळतोयस. मग मी तिला परीक्षण आणि खेळणं यांतला फरक समजावला. पलीकडून काहीच आवाज येईना. बहुतेक रेंज गेली.

मेचा पहिला आठवडा सांगायचा राहून गेला. मेसेज केला.

१४ एप्रिल

आज आयुष्यातला सर्वांत मोठा शोध. खालच्या फळीवर मागे एक करडी कार्ट्रिज सापडली. खोक्यावर शत्रू नाही, तलवार नाही, फक्त एक बंद दार. ग्रुपवर या गेमचा कोणी कधी उल्लेख केलेला नाही.

वरून दिसणारं एक छोटंसं घर. एक आजी. आपण घरात सामान मांडायचं. खुर्ची, टेबल, कपाट. प्रत्येक वस्तू ठेवली की गोड घंटा वाजते. मी कपाटं मांडत गेलो. घंटा वाजत गेल्या. सगळी खोली कपाटांनी भरली. मग आजी डावीकडून आली, हळूहळू दारापर्यंत गेली, वळली आणि पॅसेजमध्ये खाली बसली. संगीत थांबलं. खाली जपानीत एक ओळ उमटली. आजी काही उठली नाही.

डोळ्यांत पाणी आलं. पुन्हा खेळलो. पुन्हा बसली.

१७ एप्रिल

परीक्षण टाकलं. शीर्षक : भरलेल्या घरातलं रितेपण. कॅमेऱ्यापुढे आवाज दाटून आला तो भाग कापला नाही. खरं आहे ते खरं आहे. म्हणालो, ही शेवटची ओळ मला वाचता येत नाही, पण ती कविता असणार.

बायको स्वयंपाकघरातून ऐकत होती. बाहेर आली, टीव्हीतल्या आजीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि परत आत गेली.

२१ एप्रिल, रविवार

ताई आईला घेऊन अचानक आली. खाली उतरवायला भावोजींनी शेजारच्या दोघांना हाक मारली होती म्हणे. ताई म्हणाली, नुसतं बघून जाऊ, कुठवर आलंय.

आई बारीक झालीय. मला बघून हसली. छोट्या खोलीशी गेली. खोक्यांमधून वॉकर काही आत शिरेना. तिरका करून पाहिला, मग उचलून पाहिला. उंबऱ्याशीच थोडा वेळ उभी राहिली आणि म्हणाली, बरीच जमवलीस रे. मग आम्ही तिला हॉलमध्ये बसवलं.

तिला करमावं म्हणून टीव्ही ओढत बाहेर आणला आणि एक गेम लावला. तिने मन लावून पाहिलं. म्हणाली, हा पोरगा पळत पळत कुठे निघालाय? म्हणालो, राजकन्येला सोडवायला. म्हणाली, किती वेळ लागेल? म्हणालो, बराच. मधे खूप अडथळे आहेत. आई म्हणाली, मग तिला निरोप तरी पाठवायचा. बिचारी वाट बघत बसली असेल.

बायको एकदम उठून आत गेली.

निघताना आईने माझा हात हातात घेतला. म्हणाली, राहू दे हो तुझी खोली. एवढी हौसेने लावलीस, माझ्यासाठी मोडू नकोस. मी ताईकडे पाहिलं. ऐकलंस ना? ताईने कप विसळले, पदराला हात पुसले आणि आईच्या चपला तिच्या पायांपुढे ठेवल्या.

आईचा मला कायम पाठिंबा होता. आजही आहे.

२३ एप्रिल

कासवाची कॉमेंट. जशीच्या तशी उतरवतो.

"हा गेमच नाही. तिकडच्या एका घरबांधणीवाल्यांनी गिऱ्हाइकांना वाटायला काढलेली कॅसेट आहे. म्हातारं माणूस राहायला येणार असेल तर सामान कसं लावावं, ते शिकवायला. घंटा म्हणजे शाबासकी नाही, सामान वाढतंय ही सूचना आहे. आजी पॅसेजमध्ये बसली म्हणजे तुम्ही हरलात. खालची ओळ कविता नाही. लिहिलंय : आजींना आत यायला जागा नाही. पुन्हा प्रयत्न करा."

आणि खाली हसरा चेहरा.

उत्तर लिहिलं. कलाकृतीचा अर्थ एकच नसतो, प्रत्येक रसिक आपला अर्थ घेऊन येतो, वगैरे. मुद्देसूद झालं होतं. पाठवलं नाही.

२४ एप्रिल

व्हिडिओ काढून टाकला. तांत्रिक कारणामुळे.

२६ एप्रिल

दुकानातून आल्यावर छोट्या खोलीत जाऊन उभा राहिलो. काही घ्यायचं नव्हतं. बायको म्हणाली, काय शोधताय? काही नाही म्हणालो. तीही येऊन उभी राहिली. दोघांना उभं राहायला जागा होती तेवढीच.

३० एप्रिल

ताईचा फोन. आज चिडली नाही. हळू बोलत होती, माझीच समजूत घालत असल्यासारखी. म्हणाली, एका वृद्धाश्रमात तळमजल्यावर एक खाट रिकामी झाली होती. परवा आईला तिथे सोडलं. जागा स्वच्छ आहे. बायका चांगल्या आहेत. म्हणालो, मला विचारलं नाहीस? ती म्हणाली, तुला काय वेगळं विचारायचं होतं रे? दोन महिने एकच तर विचारत होते.

मी म्हणालो, तात्पुरतं असेल. ती म्हणाली, बरं.

तात्पुरतंच आहे.

१ मे

सुट्टी टाकली. सकाळी चहा घेऊन सुरुवात केली. एकाही कार्ट्रिजच्या पिना पुसल्या नाहीत. खेळलो नाही. कशाचंही परीक्षण केलं नाही. बायको खोकी जोडून देत होती, मी भरत होतो. समुद्रदेवता, घोडेस्वार, राजकन्या, जे हाताला लागेल ते. करडी कार्ट्रिज बायकोने माझ्या हातातून घेतली आणि स्वतः भरली. खोकी माळ्यावर गेली. कपाटं अंगणात गेली.

जेवायच्या वेळेला खोली रिकामी. एवढंच होतं ते.

बायको फरशी पुसत होती. काही तरी बोलेल असं वाटलं. बोलली असती तर बरं झालं असतं.

५ मे

पलंग आला. उंच घेतलाय, बसता-उठताना त्रास होऊ नये म्हणून. सुताराने पलंगापासून बाथरूमपर्यंत भिंतीला कठडा बसवला. मी डोळे मिटून धरत धरत गेलो. नीट पोचलो. फोटो काढले.

आईला फोनवर काही सांगितलं नाही. एकदम टॅक्सी घेऊनच जायचं.

१२ मे

टॅक्सी घेऊन गेलो. ड्रायव्हरला म्हटलं, पुढची सीट सरकवून ठेवा, आईला पाय लांब करून बसावं लागेल. पाच मिनिटांत आलोच.

आई व्हरांड्यात बसली होती. तिने केस कापलेत. कधी कापले, कोणी कापले, मला कोणी सांगितलं नव्हतं. शेजारी एक बाई लोकर घेऊन बसल्या होत्या. आई त्यांना म्हणाली, हा माझा धाकटा. फार कामात असतो.

मी तिच्या आवाजात टोमणा शोधला. नव्हता.

फोनवरचे फोटो दाखवले. तिने चष्मा लावला. एकेक फोटो सावकाश पाहिला. कठड्याच्या फोटोवर बोट ठेवून म्हणाली, हे फार छान केलंस. पलंग पण छान आहे. मग फोन शेजारणीला दिला. त्यांनी विचारलं, मुलाचं घर? आई म्हणाली, हो. मोठं आहे.

म्हणालो, चल ना आई. टॅक्सी उभी आहे.

तिने माझ्याकडे बघितलं. लहानपणी ताप बघताना बघायची तशी. म्हणाली, अरे, इथे आल्या आल्या जी ती विचारायची, मुलगा कधी नेणार? आता कुठे विचारायच्या थांबल्यात. जाऊन परत यायचं झालं तर पुन्हा पहिल्यापासून. कशाला?

मी म्हणालो, पण खोली तयार आहे.

हो रे, म्हणाली. दिसली ना मला.

मग तिने शेजारणीकडची लोकरीची लड घेतली, माझे दोन्ही हात पुढे घ्यायला लावले आणि लड माझ्या हातांवर चढवली. सरळ धर, गुंता होतो, म्हणाली. गुंडा करू लागली. बाहेर टॅक्सीवाला हॉर्न वाजवायला लागला. मी लड खाली ठेवून गेलो, त्याला पाठवून दिलं आणि परत येऊन हात पुढे केले.

आई म्हणाली, बैस ना निवांत. भेटायला येणाऱ्यांना इथे चारपर्यंत बसू देतात.

चारपर्यंत बसलो.