काजळी धरलेली काच

अण्णा, गच्चीवर मी सूर्य बघायची खोली बांधली आहे आणि तेव्हापासून आई माझ्याशी धड बोलत नाही. जेवायला वाढते, गोळी घेतलीस का विचारलं तर मान हलवते, बाकी सगळं बंद. घरात माणसं दोनच, त्यातल्या एकीनं तोंड शिवून घेतलं की दुसरीनं बोलायचं कोणाशी? म्हणून तुम्हाला लिहिते आहे. तुम्ही गेल्याला इतकी वर्षं झाली, पण मी तुमच्यावर रागावलेलीच आहे, हे आधीच सांगून ठेवते. मग म्हणू नका की पत्रात नमस्कारसुद्धा नाही.

खोली कसली, पत्र्याची पेटीच म्हणा. बँकेतून रिटायर झाले, फंड हातात आला, आणि उज्जैनच्या माधव नगरातल्या आपल्या या घराच्या गच्चीवर, पूर्वेच्या कोपऱ्यात मी ती उभी केली. वरचं छप्पर सरकतं आहे. फाटकं बनवणाऱ्याकडून रूळ आणि चाकं बसवून घेतली, एका हातानं ढकललं की आभाळ उघडं. तो वेल्डर मला विचारतो, "दीदी, इसमें कबूतर पालोगे क्या?" मी म्हटलं, "नहीं भैया, सूरज." बिचारा पुन्हा वेल्डिंगला लागला. दुर्बीण लहानच आहे, हातभर लांब. तिच्यात अशा गाळण्या आहेत की सूर्याचा बाकी सगळा उजेड अडतो आणि एकच लाल रंग आत येतो. मागे डोळ्याच्या जागी कॅमेरा. तो धडाधड हजारो चित्रं घेतो. हवा हलत असते, म्हणून बहुतेक चित्रं थरथरलेली निघतात. त्यातली स्थिर तेवढी निवडून कॉम्प्युटर एकावर एक रचतो, आणि मग सूर्याच्या कडेला उठलेल्या ज्वाळा दिसतात. हे सगळं सकाळी गच्ची तापायच्या आत उरकावं लागतं. एकदा का फरशी तापली की चित्र उकळायला लागतं. मी गच्चीला पांढरा चुना मारला, भोवती ओली पोती टाकली, माकडं येऊन ती पोती ओढतात त्यांच्यामागे काठी घेऊन धावले. तुम्ही असता तर हसला असता.

दुर्बिणीचा खांब मात्र भक्कम जागी हवा, म्हणून तो खालून येणाऱ्या कॉलमच्या बरोबर वर घेतला. तो कॉलम आपल्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातला, आईच्या ओट्याशेजारचा. झालं काय, की आई खाली खलबत्त्यात दाणे कुटायला लागली की वर पडद्यावर सूर्य थडथडतो. घरात मिक्सर आहे, अण्णा! दाण्याचं कूट ती त्याच्यातच करायची. पण मी छप्पर सरकवल्याचा आवाज आला की बाईसाहेबांना खलबत्ता आठवतो. उपवास नाही, खिचडी नाही, कूट डबे भरभरून पडलंय. मी वरून ओरडते, "आई, पाच मिनिटं थांब ना!" की दणके आणखी जोरात. ती का कुटते ते मला कळत नव्हतं असं नाही. मला वाटायचं, ती माझ्यावर नाही, तुमच्यावर चिडून कुटते आहे.

तो ग्रहणाचा दिवस मला अजून दिसतो. मी शाळकरी आहे. गल्लीत चिटपाखरू नाही, सगळ्यांची दारं बंद, आतल्या खोलीत आजी माळ घेऊन बसली आहे, पाण्याच्या हंड्यांवर तुळशीची पानं. आणि शाळेत विज्ञान शिकवणारे तुम्ही गच्चीवर उभे आहात. आदल्या दिवशी घासलेटच्या चिमणीवर धरून तुम्ही काचा काळ्या केल्या आहेत, कडांना चिकटपट्टी लावली आहे. बोटं कापू नयेत म्हणून केवढी काळजी तुम्हाला! गल्लीतली चार धीट मुलं आली आहेत. शेजारच्या लिंबाच्या पानांतून फरशीवर सूर्याच्या कोरीच कोरी सांडल्या आहेत, ते तुम्ही आम्हाला वाकून दाखवता आहात. आम्ही मुलं काच डोळ्याला लावतो, क्षणभर बघतो आणि नाचायला लागतो. मग तुम्ही जिन्यात जाऊन आईला हाक मारता, "अगं, एकदा बघ तर. काही होत नाही." आई पदर डोक्यावर घेऊन, चोरासारखी वर येते. जन्मात पहिल्यांदा ग्रहणात घराबाहेर. तुमच्या हातून काच घेते, डावा डोळा मिटते आणि उजव्यानं बघते.

दुसऱ्या दिवशी तिला सुईत दोरा ओवता येईना. उजव्या डोळ्यापुढे मधोमध एक डाग आला होता, तो गेलाच नाही. काजळीतून उजेड तेवढा कमी होतो, घात करणारा ताप आत जातोच, हे इंदूरच्या डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलं तेव्हा मी बाकावर बसलेली होते. विज्ञानाच्या मास्तरला ते परक्यानं सांगावं लागलं. गल्लीत तर काय, सगळ्यांना चघळायला विषय झाला. "मास्टरजी ने बीवी की आँख ले ली," असं नळावर बायका माझ्यादेखत बोलायच्या. तुम्ही घरोघर जाऊन काचा गोळा केल्यात, पोत्यात घालून फोडल्यात, आणि त्या दिवसापासून गप्प झालात. दर उन्हाळ्यात एका दुपारी आपल्या उज्जैनात सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि तांब्याची सावली नाहीशी होते, ते तुम्ही आम्हाला किती हौसेनं दाखवायचात. तेही बंद. पुढे कधीतरी मी दुर्बिणीचा विषय काढला तर ताटावरून उठलात. "या घरात पुन्हा सूर्याचं नाव काढायचं नाही," म्हणालात. एकदा आईसमोर बसून चुकलो म्हणाला असतात तर तुमचं काय गेलं असतं? आई तांदूळ निवडताना तोंड वाकडं करून, खड्यावर कडेकडेनं नजर नेते. ते बघत मी मोठी झाले. मला तेव्हाही संताप यायचा, आताही येतो.

आता पुन्हा ग्रहण येतं आहे. परवा शेजारच्या भाभी फाटकातूनच ओरडल्या, "दीदी, अबके ग्रहण पे हम सब आपकी छत पे आएँगे हाँ, बच्चों को भी लाएँगे!" मी हो म्हणून बसले. आईनं आतून ऐकलं आणि तिचा अबोला सुटला, पण कशासाठी सुटला बघा. "या गच्चीवरून कोणाला ग्रहण दाखवलंस तर मी या घरात राहणार नाही." मी म्हटलं, "कुठे जाशील?" तर म्हणे, "रामघाटावर जाऊन बसेन." वय काय, बोलणं काय! मी तिला गाळण्या समजावल्या, कॅमेरा समजावला, काचेत आणि याच्यात किती फरक आहे ते सांगितलं. तिनं ताट उचललं आणि निघून गेली. मला झोप लागली नाही. तिला दुखवून लोकांना बोलवायचं की सगळं उतरवून पत्रा भंगारात द्यायचा, हाच घोळ.

आज सकाळी छप्पर सरकवलं आणि दणक्यांची वाट बघत बसले. एकही नाही. मला वाटलं, गेली वाटतं खरंच घाटावर. तेवढ्यात जिन्यात तिचा श्वास ऐकू आला. कठडा धरून, एकेक पायरी चढत आली, दारात उभी राहिली आणि म्हणाली, "दाखव." मी पडद्यासमोर स्टूल सरकवलं. डावा डोळाही आता थकला आहे तिचा. तिनं तोंड वाकडं केलं, कडेनं बघितलं, बराच वेळ बघितलं. "अग बाई, हा तर राखेतून काढलेल्या बाटीसारखा आहे," म्हणाली. "आणि हे कडेला काय उठलंय?" मी म्हटलं, "ज्वाळा. आपली सगळी पृथ्वी बुडेल एवढी." तिनं पडद्यावर बोट ठेवलं आणि तसंच ठेवून बोलायला लागली.

"त्या दिवशी बस कर म्हणाले होते ते मला. दोन-तीनदा म्हणाले. काच घ्यायला आले तर मी पाठ फिरवली."

"का ग?"

"का म्हणजे? बघावंसं वाटत होतं! सगळा जन्म चुलीकडे बघण्यात चाललेला, पहिल्यांदा कोणी म्हणालं वर बघ. मी हललेच नाही."

"मग लोक अण्णांना इतकं बोलले तेव्हा?"

"मीच म्हटलं होतं, कोणाला सांगू नका. सासूबाईंनी जगू दिलं असतं का मला? ग्रहणात बाहेर आली, वर नवऱ्याचं ऐकलं नाही. ते बरं म्हणाले. मग बोललेच नाहीत."

 मी चिडूनच विचारलं, "तर मग माझ्यावर कसला राग?" ती म्हणाली, "तू वर बसून मजेत बघतेस आणि मी खाली. राग येणार नाही?"

काच चुकीचीच होती, अण्णा. आईनं ऐकलं नाही म्हणून ती बरोबर ठरत नाही, आणि एवढं तुम्हाला ठाऊक असायलाच हवं होतं. ते मी सोडणार नाही. पण नळावरचं ते बोलणं तुम्ही मरेपर्यंत ऐकून घेतलंत आणि मीही मनातून त्या बायकांच्याच बाजूला होते. आता जीव नुसता तळमळतो आहे. खाली जाऊन तुमच्या फोटोसमोर उभी राहिले आणि तशीच परत आले.

उठताना आई म्हणाली, "बोलव त्या भाभीला. मुलांना आधी दाखव, मला शेवटी. दुर्बिणीला डावा डोळा लावून बघेन, दिसेल तेवढं." आणि जिन्यात थांबून विचारलं, "तू तर डोळा लावून बघितला असशील ना? कसा दिसतो ग? असाच?" मी म्हटलं, "याहून छान."

खोटं बोलले. डोळा लावायची नळी दुर्बिणीबरोबरच आली होती, ती अजून डबीत बंद आहे. गाळण्या पुन्हापुन्हा तपासल्या आहेत, काही होणार नाही हे मला पक्कं ठाऊक आहे, दुसऱ्याला तासभर समजावून सांगेन. तरी सूर्याचे एवढे फोटो काढले आणि डोळा एकदाही लावला नाही. डबी उघडली की आईचं तांदूळ निवडतानाचं तोंड समोर येतं आणि झाकण पुन्हा लावते. आता ग्रहणाच्या दिवशी नळीला डोळा लावायला आई रांगेत शेवटी उभी राहणार, म्हणजे तिच्याआधी मला स्वतः बघावं लागणार. फार भीती वाटते हो. तिला यातलं काही सांगू नका. तुम्ही सांगणार नाही, हे मला आज कळलं आहे.