नंबरावर नाव नसलेल्यांना प्रवेश नाही

३ मार्च, सोमवार
आजपासून शिस्त. मार्केट यार्डातल्या आमच्या मसाल्याच्या पेढीचा मेल सर्व्हर मी सांभाळतो. रिव्हर्स डीएनएस नसलेल्या सर्व्हरची मेल यापुढे आत येणार नाही. सर्व्हरच्या नावावरून त्याचा इंटरनेटवरचा नंबर सापडतो, तसं नंबरावरून नावही सापडलं पाहिजे. न सापडल्यास इसम संशयास्पद. परत जाणाऱ्या मेलवरची पाटी स्वतः लिहिली: ‘आपल्या नंबरावरून आपले नाव कळत नाही. आधी नाव लावावे, मग यावे. वाद घालू नये.’ नारायण पेठेत जन्म घेतल्याचं चीज झालं.

दुबई ऑफिसचा सर्व्हरही मीच बसवलाय. तिथेही हाच नियम, हीच पाटी.

५ मार्च
३१२ मेल परत! स्पॅम जवळजवळ शून्य. पेढीचे मालक रज्जाकशेठ, त्यांना आकडा दाखवला. ऑर्डरीही शून्यच आहेत, म्हणाले. मी म्हटलं, मार्चमध्ये होतं असं. मसाल्याचा सीझन मार्चमध्येच असतो, असं हिशेबाच्या प्रेमलाबाई मधेच बोलल्या. त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

८ मार्च
कराडच्या तात्यारावांची ऑर्डर तीनदा परत. बावीस वर्षांचं गिऱ्हाईक. शेठ म्हणाले, अहो, त्यांच्यापुरती सूट द्या. साफ नाही म्हटलं. एकाला दिली की रांग लागते. तात्यारावांना फोनवर समजावलं, नंबरावर नाव लावून घ्या. दुकानावर चाळीस वर्षं नाव आहे, ते पुरत नाही का, म्हणाले. मुद्दा कळलाच नाही.

१२ मार्च
तात्याराव एसटीने आले. माझ्या पाटीची प्रिंट घेऊन. शेठनी दोनदा वाचली आणि कौतुक न करता घडी घालून परत दिली. जरा लागलं. ऑर्डर दुसऱ्या पेढीला गेली. जाऊ दे. सर्व्हर स्वच्छ आहे.

१७ मार्च, सोमवार
३१ला रिटायरमेंट. मुदतवाढीचं शेठचा मुलगा तालिब दुबईहून ठरवणार. अर्ज वीस तारखेच्या आत, मेलनेच. मिळणार हे उघड आहे, माझ्याशिवाय आहे कोण?

सकाळी सर्व्हर नव्या इंटरनेट लाइनवर हलवला. नंबर बदलला, बाकी जैसे थे. अर्धा तास. लगेच अर्ज पाठवला आणि तीन दिवस रजा टाकली. उत्तराची घाई दाखवायची नाही.

घरी बायकोला, सरोजिनीला सांगितलं, आणखी दोन वर्षं डबा लागेल.

२१ मार्च, सकाळी १०.१०
मेल उघडली. अर्ज दुबईच्या सर्व्हरवरून परत आलाय. सतरा तारखेलाच.
‘आधी नाव लावावे, मग यावे.’
नव्या नंबरावर नाव लावून घ्यायचं राहिलं होतं. नियम मात्र चोख चालतोय.

१०.४०
तालिबला फोन केला. माझ्यापुरती सूट मागितली. तो म्हणाला, काका, मग तात्यारावांना काय सांगू?

वाद घातला नाही.