चौऱ्याण्णव खण आणि बावीस डबे

१० जानेवारी

ती. अक्कास छोटूचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. निवृत्तीला दोन वर्षं झाली, आता दिवस कसे काढतोस असं तू विचारलंस. अक्का, दिवस काढावे लागत नाहीत, ते पुरत नाहीत. लेक सासरी गेल्यावर तिच्या लहानपणच्या ठोकळ्यांची दोन पोती माळ्यावर पडून होती. ते प्लास्टिकचे, एकात एक बसणारे, वर बटणं असलेले ठोकळे तुला आठवत असतील. गेल्या मे महिन्यात माळा साफ करताना ती खाली काढली आणि मला माझं आयुष्याचं काम सापडलं.

आमच्या रेकॉर्ड ऑफिसने कार्डांचं जुनं लाकडी कपाट मोडीत काढलं होतं, चौऱ्याण्णव खणांचं. ते मी घरी आणलं. आठ महिने रोज सकाळी नऊ ते पाच बसून एकेक ठोकळा आकाराप्रमाणे लावला. दोन बटणांचा, चार बटणांचा, तिरका, कोनाचा, खिडकीचा, चाकाचा. प्रत्येक खणावर माझ्या अक्षरात चिठ्ठी. आता कुठलाही ठोकळा मागा, चार सेकंदांत हातात. छत्तीस वर्षं रेकॉर्डकीपर होतो, पण तिथे मागितलेला कागद कधी चार दिवसांत मिळाला नाही, हे तुझ्यापाशी कबूल करायला हरकत नाही.

इथे आमचं प्रौढ ठोकळे रचना मंडळ आहे, चौदा सभासदांचं. अध्यक्ष दंतवैद्य आहेत. अडकलेला ठोकळा ते त्यांच्या दवाखान्यातल्या चिमट्याने काढतात. मंडळाला घटना आहे. कलम चार असं, की वर्गीकरण आकारानेच व्हावं. रंगाने लावणारे पाच जण मागच्या वर्षी फुटून निघाले आणि त्यांनी वेगळं मंडळ काढलं. त्यांच्याशी आमचा बोलण्याचाही संबंध नाही. नऊ मार्चला प्रदर्शन आहे. त्यात मी आमचं रेकॉर्ड ऑफिस उभं करणार आहे, आवक-जावकच्या खिडकीसकट.

ही मजेत आहे. निवृत्त झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात मी हिचं स्वयंपाकघरही लावून दिलं होतं ना, बावीस डबे उंचीप्रमाणे, जिन्नस बदलून, वर चिठ्ठ्या. तेव्हापासून एका शब्दाची तक्रार नाही. माणसाला शिस्त लावून दिली की ती आवडते.

लोभ आहेच, त्याची आवक चालू ठेवावी.
तुझा छोटू

१६ जानेवारी

चि. छोटूस अक्काचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून इतकी हसले की शेजारीण डोकावून गेली. एकसष्टीला आलेला माणूस ठोकळ्यांच्या घटनेतलं कलम चार मला तोंडपाठ सांगतो, याला काय म्हणावं? पण मी तुला हसणार नाही. तीस वर्षं ऑपरेशन थिएटरात सिस्टर होते. कुठली कात्री कुठल्या ट्रेमध्ये, हे डोळे मिटून सांगायचे. नीट लावलेल्या वस्तूंचं सुख मला कळतं. फरक एवढाच, की माझ्या ट्रेसमोर एक माणूस झोपलेला असायचा आणि मला त्याचंही नाव माहीत असायचं.

तुझ्या दोन पानी पत्रात चौऱ्याण्णव खण आले, दंतवैद्य आला, फुटीर आले. वहिनी मात्र "मजेत आहे" एवढ्यावर उरकली. तिच्या मानेचं दुखणं कसं आहे? जेवायच्या टेबलावर तू पसारा मांडला असशील, मग तुम्ही दोघं जेवता कुठे? पुढच्या पत्रात या दोन प्रश्नांची उत्तरं चार सेकंदांत दे.

आणि त्या ऑफिसात तुझ्या टेबलावर एक बाहुला बसवशील, तो टकला घे. खोटं रेकॉर्ड ठेवू नकोस.

थट्टा केली म्हणून रुसू नकोस, माया आहे तेवढीच आहे.
अक्का

२ फेब्रुवारी

ती. वन्संना, शि. सा. न. वि. वि.

तुम्ही ह्यांना विचारलेत ते प्रश्न ह्यांनी मला वाचून दाखवले आणि दोन्हींची उत्तरं मलाच विचारली. मान बरी आहे. जेवतो आम्ही ओट्यापाशी उभ्याने. टेबलावर सध्या रेकॉर्ड ऑफिसचा पाया घातलाय.

एक गुपित सांगते, ह्यांना कळवू नका. परवा हे मंडळाच्या अधिवेशनाला चालले आहेत, चार दिवस. ह्यांचा वाढदिवस आठ तारखेला, त्याच संध्याकाळी परत येतील. वन्सं, आठ महिने मी त्या ठोकळ्यांकडे लांबूनच पाहिलं. एकदा एक लाल ठोकळा उचलला तर हातात पाच मिनिटं ठेवायचा नाही असं ह्यांनी बजावलं. पण मला दिसतं ना. कुठल्याही खणात हात घातला की सगळे रंग कालवलेले, मुलांनी खेळून टाकल्यासारखे. इतकं सुंदर लाकडी कपाट आणि आत हा गोंधळ! ह्यांना एकट्याला एवढं काम उरकत नाही, म्हणून तसंच राहिलं असणार.

तर मी ठरवलंय, चार दिवसांत सगळे खण रंगांनी लावून द्यायचे. वर पांढरा, मग पिवळा, केशरी, लाल, असं करत खाली काळ्यापर्यंत. हे दारातून आत येतील आणि कपाट उघडून बघतच राहतील. ह्यांच्या आवडीच्या कामात माझाही हात लागावा असं फार वाटतं हो. नाहीतर दिवसभर एका घरात असून आमचं बोलणं म्हणजे चहा झाला का आणि चष्मा कुठाय.

तुमचा लोभ आमच्या दोघांवर सारखा असू द्या.
तुमची वहिनी

११ फेब्रुवारी

ती. अक्कास सा. न. वि. वि.

घात झाला. अधिवेशनाहून आलो. ही दारातच उभी, चेहऱ्यावर हसू. म्हणाली, कपाट उघडा. पहिला खण उघडला, पांढरे. दुसरा उघडला, पांढरे. अकराव्या खणापासून पिवळे. अक्का, चौऱ्याण्णवच्या चौऱ्याण्णव खण रंगाने लावलेत! आठ महिन्यांचं काम चार दिवसांत धुळीला. प्रदर्शनाला चार आठवडे उरलेत, आणि भर म्हणजे आज मी स्वतःच्या घरात रंगवाला झालोय. दंतवैद्यांना कळलं तर मला तोंड दाखवायला जागा नाही.

मी आरडाओरडा केला नाही. एक शब्दही बोललो नाही, आजतागायत नाही. ऑफिसातली रीत पाळली. कागदावर व्यवस्थित लिहिलं की सदरहू फेरबदल आपण कोणाच्या आदेशाने केलात याचा लेखी खुलासा तीन दिवसांत करावा. तो कागद साखरेच्या डब्याखाली ठेवला, म्हणजे सकाळी चहा करताना हिला मिळावा. चहाच्या वेळी काही घडलं नाही, पण दुपारच्या स्वयंपाकानंतर तोच कागद माझ्या टेबलावर परत आला. मागे एकच ओळ होती, "कोणाच्याही आदेशाने नाही. हौसेने."

खुलासा असमाधानकारक आहे. मी तसा शेरा मारणार होतो, तेवढ्यात ही पिशवी भरून बाहेर पडली. तुझ्याकडे आली असेल तर कळव.

तुझा छोटू

१५ फेब्रुवारी

चि. छोटूस अनेक आशीर्वाद, पण आज ते हात आखडूनच देते आहे.

वहिनी माझ्याकडे आहे. बसमधून उतरली तेव्हा मान एका बाजूला वळत नव्हती. चार दिवस खाली वाकून तुझे ठोकळे वेचले त्याचा तो प्रसाद. रोज शेकते आहे.

तू माझ्या भावजयीला नोटीस दिलीस. चौतीस वर्षं जिने तुझे मोजे शोधून दिले तिला तीन दिवसांची मुदत दिलीस. मी थिएटरात मोठमोठे सर्जन रागावलेले पाहिले आहेत, हातातली वस्तू आपटायचे, पण असा मूर्खपणा पाहिला नाही. तिने चुकीचं लावलं, मान्य. तुला न विचारता लावलं, तेही मान्य. ते तोंडाने सांगता येत होतं.

ती रडत नाही, तक्रार करत नाही, याची मला जास्त काळजी वाटते. काल सहज म्हणाली की इथे बरं वाटतं, टेबलावर बसून जेवता येतं. मी एकटी असते, मला सोबत हवीच आहे. मागची खोली रिकामी आहे आणि मी ती तिला कायमची देऊ केली आहे. तिने अजून नाही म्हटलेलं नाही. तुझ्या खणांचं काय व्हायचं ते होवो, हे आधी नीट वाच.

अक्का

२२ फेब्रुवारी

ती. अक्कास सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा मी फार तापलो होतो. तुला सडेतोड उत्तर लिहायला बसलो आणि त्याआधी चहा करावा म्हणून स्वयंपाकघरात गेलो. ही गेल्यापासून चहा-जेवण खानावळीतच चाललं होतं. निवृत्त झाल्याच्या त्या पहिल्या आठवड्यानंतर त्या ओट्यापाशी काही करायला म्हणून पहिल्यांदाच गेलो असेन. डबे माझ्या हातच्या चिठ्ठ्यांसह रांगेत उभे होते. बरं वाटलं. "साखर" लिहिलेल्या डब्यातली दोन चमचे साखर घातली. पहिला घोट तोंडातून परत आला. मीठ.

वाटलं, हिने रागाने मुद्दाम केलं. अंगाचा तिळपापड झाला. मग "मीठ" उघडला, त्यात साखर. "तांदूळ" उघडला, त्यात कणीक. "चहा" मध्ये मिरी आणि "मिरी" मध्ये चहा. मी जमिनीवर बसून बावीसच्या बावीस डबे उघडले, अक्का. एकोणीस खोटे निघाले. आणि हे आजचं काम नव्हतं. "साखर" लिहिलेल्या डब्याच्या तळाशी जुन्या मिठाचा थर दगडासारखा धरला होता, तो दोन वर्षांचा.

मी तिचं स्वयंपाकघर उलथंपालथं केलं, तिला न विचारता, ती तेव्हा लेकीकडे गेली होती. परत आल्यावर तिने सगळे जिन्नस हाताला सवय होती तिथे पुन्हा भरले. पण माझी एकही चिठ्ठी काढली नाही. मला वाईट वाटू नये म्हणून दोन वर्षं खोट्या नावांच्या डब्यांतून माझा चहा केला, आणि एकदाही चूक झाली नाही. मला तिने नोटीस दिली नाही. मी तुला लिहिलं होतं ना, एका शब्दाची तक्रार नाही म्हणून. ते वाक्य आठवून मला लाज वाटते.

सोबत तिच्यासाठी एक कागद आहे. फोडू नकोस. फोडशील म्हणा.

मागची खोली एवढ्यात देऊन टाकू नकोस, एवढी विनंती.
तुझा छोटू

२२ फेब्रुवारी

तुला मी कधी पत्र लिहिलेलं नाही, त्यामुळे वर काय लिहायचं ते मला माहीत नाही. जागा मोकळी सोडली आहे.

खुलासा पुढीलप्रमाणे. दोन वर्षांपूर्वी तुझ्या बावीस डब्यांमध्ये फेरबदल मी केला. कोणाच्याही आदेशाने नाही. मी हौसेनेही केला नाही, हुकमत गाजवायची सवय जात नव्हती म्हणून केला. तू खण लावलेस ते हौसेने लावलेस. म्हणून तुझं काम माझ्यापेक्षा वरचं आहे, हे मी लेखी देतो.

खण आहेत तसेच राहतील. टेबल रिकामं केलं आहे. पाया जमिनीवर घेतला. गुडघे दुखतात, पण तुझ्या मानेपुढे ते काहीच नाही. तू नाहीस तर घरात मला काहीच सापडत नाही, तूसुद्धा नाही. मला माफ कर आणि ये.

१५ मार्च

ती. वन्संना, शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले ते कळवायला पंधरवडा गेला, मान आता दोन्हीकडे वळते. बस थांब्यावर हे माझ्या आधी तासभर येऊन उभे होते. पिशवी हातातून घेतली आणि वाटभर एक शब्द बोलले नाहीत, पण हे न बोलणं निराळं होतं. घरी आल्यावर मला टेबलापाशी बसवून स्वतः आत गेले. मी कान देऊन ऐकत होते. एकच डबा उघडल्याचा आवाज आला, दुसरा नाही. चहा गोड होता. बावीस डब्यांमध्ये खरं काय आहे ते ह्यांनी पाठ केलंय! मी म्हटलं, आता तरी चिठ्ठ्या काढून टाका. तर म्हणाले, राहू दे, माझ्या हातचं एवढंच तर खोटं रेकॉर्ड आहे जे चार सेकंदांत सापडतं.

खण मी लावले तसेच आहेत, रंगाने. बाहेर ह्यांच्या चिठ्ठ्या मात्र जुन्याच. "खिडक्या" उघडलं की पिवळे निघतात. एकेका ठोकळ्याला अर्धा अर्धा तास लागतो, दोघं मिळून शोधतो, एक तिरका करडा शोधताना लेकीच्या बाळपणापासूनच्या गोष्टी निघतात. त्यामुळे नऊ तारखेला रेकॉर्ड ऑफिसच्या तीनच भिंती झाल्या आणि छप्पर नव्हतं. तरी नेलं. टकला बाहुला तुमच्या आज्ञेप्रमाणे बसवला. आवक-जावकची खिडकी ऑफिसात कधी उघडी नसायची म्हणे. ह्यांनी ती उघडी ठेवली आणि समोर लाल साडीची एक बाई उभी केली. ती कोण ते मी विचारलं नाही.

बक्षीस दंतवैद्यांच्याच जबड्याला मिळालं, बत्तीस दात, सगळे पांढरे. पण कोणीतरी त्यांच्या कानावर घातलं की आमच्या घरी खण रंगाने लावलेत. काल मंडळाची नोटीस आली. कलम चारचा भंग केल्याबद्दल तीन दिवसांत लेखी खुलासा करावा.

ह्यांनी ती दोनदा वाचली, नीट घडी केली आणि मला विचारलं, कुठे ठेवू. मी म्हटलं, साखरेच्या डब्याखाली. हे न चुकता उठले आणि "मीठ" लिहिलेल्या डब्याखाली ठेवून आले.

मागच्या खोलीत तुम्ही आता तुमचं शिवणाचं मशीन ठेवा. आणि लोभाचा डबा मात्र कुठे ठेवलाय ते आम्हा दोघांनाही माहीत आहे, तो तसाच भरलेला राहू द्या.
तुमची वहिनी